आजारी माणसाच्या उशाशी बसून कुठलं गीत म्हणता तुम्ही?

क्वायरवाली_टिळकवाडी

सर्वांना सलाम. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, आमच्या चर्चच्या मंडळीच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात आहे. आता नवीन वर्षापासून पाळकसाहेबांनी आम्हा चार-पाच जणांवर एक काम सोपवलंय, की रविवारची उपासना झाली की जी म्हातारी किंवा आजारी माणसं चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, दोन गीतं म्हणायची, एक स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करायची आणि चहा घेऊन यायचं. काम मला मनापासून आवडलंय, पण गीतं निवडताना दरवेळी अडायला होतं.

आपल्याकडचं तुम्हाला माहितीच आहे, एकाच घरात आजीला मराठी गीतं पाठ, सून धारवाडकडची म्हणून तिला कन्नड येतात, आणि नातवंडं इंग्लिश मीडियमची, त्यांना गिटारवरची इंग्लिश गाणी. गेल्या खेपेला शहापूरला एका आजींकडे गेलो होतो. त्यांना लकवा झालाय, उजवी बाजू गेलीय, बोलणं पण गेलंय, फक्त 'हं हं' एवढंच येतं. आम्ही वह्या उघडून कुठलं म्हणायचं ते ठरवत होतो तोवर त्यांची सून स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि तिनंच 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं एक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत हळूच सुरू केलं, अभंगाच्या चालीतलं. आणि आजींचा डावा हात चादरीवर ताल धरायला लागला, बरोब्बर समेवर पडत होता. मला तर पुढचं म्हणताच येईना, गळाच भरून आला.

तर विचारायचं असं की तुम्ही स्वतः आजारी असताना किंवा घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असताना कुठल्या गीतानं तुम्हाला धीर दिला? पेटी न्यावी का नुसतं तोंडानं म्हणावं? आणि एक अवघड प्रश्न, ज्या गीतांत मरणाचं, संध्याकाळ झाल्याचं, पैलतीराचं येतं ती आजाऱ्यासमोर म्हणावीत का? आमच्यात दोन मतं आहेत, एक काकू म्हणतात अजिबात नको, घरच्यांना वाईट वाटतं.

निपाणीची_मावशी

बाळा सलाम. वाचून बरं वाटलं की तरुण पोरं हे काम करतायत, आमच्यात पूर्वी प्रत्येक मंडळीत व्हायचं, मग मधे कुठं बंद पडलं कोण जाणे.

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणीतल्या आमच्या वयाच्या बायकांना सांगायला नको, दिवसभर ती धूळ, नाकातोंडाला पदर बांधायचा आणि खाली बसून तंबाखू निवडायचा. त्यात ती गीतं म्हणायची, आणि आजूबाजूच्या हिंदू बायका पण तिच्या मागनं म्हणायच्या, कारण चाल ओळखीची असायची. टिळकांचं हेच मोठं आहे बघ. ना. वा. टिळक जन्मानं कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, 1861 सालचे, आणि बाप्तिस्मा घेतला 1895 ला मुंबईत. पण ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन काही टाकून दिलं नाही, उलट ते म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांचं गीत म्हणताना आपण परक्या अंगणात उभं आहोत असं कधी वाटत नाही. त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसशील तर आधी वाच, त्या बाईनं काय काय सोसलंय आणि तरी कशी हसत लिहिते ते बघ, गीतं कुठल्या घरातनं आली ते कळतं.

आईचं शेवटचं दुखणं लांबलं. छाती भरून यायची, झोपून राहता यायचं नाही म्हणून रात्रभर उशा लावून बसवलेली असायची. मी मागं बसायची, तिची पाठ माझ्या छातीला टेकवून, आणि तिच्या कानाशी म्हणत राहायची. मोठ्यानं म्हणायची गरजच नव्हती, माझ्या छातीतली घरघर तिला पाठीतनं कळायची. कधी कधी शब्द विसरायची मी, तर ती दम लागलेला असताना पण ओळ पुरी करायची. त्या रात्री आठवल्या की अजून वाटतं, औषधानं जे केलं नाही ते त्या ओळींनी केलं, तिची भीती गेली.

पेटी नको न्यायला. पेटी आली की कार्यक्रम होतो, शेजारचे दारात येऊन उभे राहतात, आजारी माणसाला मग उठून बसावंसं वाटतं, साडी नीट करावीशी वाटते. आणि एक, कडवी गाळू नका. हल्ली पहिलं आणि शेवटचं म्हणून उरकतात. जुन्या माणसाला मधलं कडवंच हवं असतं कित्येकदा.

'व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस' पण म्हणा, मराठीत आहेच, सगळ्यांना येतं. ते लिहिणारा जोसेफ स्क्रिव्हन आयर्लंडचा, लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची होणारी बायको बुडून गेली, मग तो कॅनडात गेला, आणि 1855 मध्ये तिकडं आयर्लंडात आई आजारी पडल्यावर तिच्यासाठी ही कविता लिहून पाठवली. म्हणजे मुळात ते आजारी आईसाठीच लिहिलेलं आहे, लांब असलेल्या मुलानं. चाल नंतर कॉन्व्हर्सनं 1868 ला बसवली. ज्या घरातली मुलं दुबईला, पुण्याला आहेत तिथं हे म्हण, आईबाप ऐकतात आणि त्यांना कळतं.

बँडवाला_येळ्ळूर

मी काय ख्रिश्चन न्हाई, येळ्ळूरचा मराठा हाय, पण ह्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून लिहितोय. फौजेत बँडमध्ये होतो, यूफोनियम म्हंजे फुंकायचं मोठं पितळी वाद्य वाजवायचो. आता रिटायर होऊन शेती बघतो.

'अबाइड विथ मी' ह्या इंग्लिश ख्रिस्ती गीताची धून आम्ही शिकलो ती हुकूम म्हणून शिकलो, त्यात काय लिहिलंय ते सुरवातीला माहीतच न्हवतं. 29 जानेवारीला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीट म्हंजे फौजेच्या बँडांचा कार्यक्रम असतंय, तिथं वर्षानुवर्षं ही धून वाजायची, गांधीजींची आवडती म्हणून. सूर्य मावळायला आलेला, सगळे बँड एकदम हळू आवाजात, आणि लांबनं ट्युब्युलर बेल्सचे टोल यायचे. थंडीनं बोटं वाकायची न्हाईत, पण त्या धूनला बोटांचं काम कमी आणि दमाचं जास्त, एक ओळ एका दमात गेली पाहिजे, मधे श्वास तोडला की तिचा जीवच जातो. 2022 ला ती कार्यक्रमातनं काढली, तवा मला मनापासनं वाईट वाटलं, खरं सांगतो. जे नवीन घेतलं 'ऐ मेरे वतन के लोगों' ते पण डोळ्यात पाणी आणणारंच हाय, त्याबद्दल काय म्हणणं न्हाई, पण ही धून जायला नको होती.

आमच्यातला एक जोडीदार लोंढ्याचा, कॅथलिक, क्लॅरिनेट वाजवायचा. रिटायर झाल्यावर त्याला लिव्हरचं दुखणं लागलं. मी भेटायला गेलो तर पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले, तोंड एवढंसं. घरची सगळी इकडचं तिकडचं बोलालीत, पाऊस किती, काजू कसा, जणू त्याला कायच झालं न्हाई. त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, अण्णा, ती धून म्हण. साज जवळ न्हवता, मी तोंडानंच म्हटली, शब्दाशिवाय, नुसती. त्यानं डोळे मिटले आणि बोटं पोटावर चालवाय लागला, क्लॅरिनेटची बोटं. पुरं होईस्तोवर. मग बायकोला म्हणाला, आता जेवायला वाढ सगळ्यांना.

तुमच्या काकूंना सांगा, मरणाचं गीत आजाऱ्यापुढं म्हणू नये हे घरच्यांचं भ्या हाय, आजाऱ्याचं न्हाई. त्याला आधीच कळलेलं असतंय. आपण त्याच्याशी खरं बोलालोय एवढंच त्याला पाहिजे असतंय. लाईट नावाच्या पाद्र्यानं ती लिहिली म्हणतात, त्याला क्षय होता आणि 1847 लाच तो गेला. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाचे शब्द हायत ते, म्हणून दुसऱ्या मरणाऱ्याला चालतात. खरं त्यानं मागितलं तरच म्हणा, आपण होऊन न्हाई.

घाटावरचा_खानापूर

बँडवाले अण्णा, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती रडली.

आम्ही खानापूर तालुक्यातले कॅथलिक, घरात कोंकणी, बाहेर मराठी, शाळेत कन्नड. आमच्याकडं आजारी माणसापाशी गाण्यापेक्षा जपमाळ जास्त चालते, संध्याकाळी सगळं घर गुडघ्यावर. पण जपमाळेनंतर गीत असतंच. माझ्या आजीला लॅटिन 'साल्वे रेजिना' हे मारियामातेचं गीत तोंडपाठ होतं, तिच्या लहानपणी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासनाच लॅटिनमध्ये असायची, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर म्हणजे 1962 ते 65 नंतर आपापल्या भाषेत सुरू झाली. लॅटिनचा एक शब्द तिला समजत नव्हता, पण ताप चढला की ती तेच पुटपुटायची, आणि 'सां फ्रान्सिस्कू शावियेरा', जे संत फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, जुन्या गोव्यात म्हणतात. लहानपणी बैलगाडीनं आणि पायी घाट उतरून फेस्ताला गेलेली, ते सगळं तिला त्या गीतात दिसत असणार.

म्हणून ताई मला वाटतं तुम्ही यादी बनवून जाऊ नका. आधी घरच्यांना विचारा, आजी लहानपणी कुठं होत्या, माहेर कुठलं, कुठल्या चर्चला जायच्या. आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या लग्न होऊन घाटावर आल्या, त्यांची लहानपणीची गीतं इकडच्या पुस्तकात नाहीतच.

टिळकांच्या आधीचं पण एक सांगतो, कारण प्रोटेस्टंट भावंडांना हे कमी माहीत असतं. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, गोव्यात येऊन मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, 1616 मध्ये छापलं, सगळं ओव्यांत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती ती मोडली म्हणून त्यांना धीर देईल असं काहीतरी पाहिजे, म्हणून लिहिलं. म्हणजे ख्रिस्ती माणसाला मराठीतून दिलासा द्यायचं काम चारशे वर्षांचं जुनं आहे. ओवीची चाल कुठल्याही बाईला येते. त्यातल्या ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या भागातल्या ओव्या उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, कुणाच्या उशाशी वाचून बघा, भाषा जुनी आहे पण कान धरतो.

रिटायर्ड_सिस्टर_मिरज

मी मूळची चिकोडीची, नर्सिंग मिरजेला केलं, वॉनलेस साहेबांच्या हॉस्पिटलात. नोकरी पुढं बऱ्याच ठिकाणी झाली. गीतांबद्दल वरच्या सगळ्यांनी छान लिहिलंय, मी वॉर्डातलं सांगते.

शहापूरच्या आजींबद्दल आधी. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालीय. बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं त्या बाजूला असतं. पण गाण्याचं काम उजवी बाजूही करते, म्हणून ज्याला पाणी मागता येत नाही असा पेशंट पाठ असलेलं गीत शब्दांसकट म्हणतो असं होतं, सगळ्यांचं नाही पण पुष्कळांचं. स्पीच थेरपीवाले ह्याचा उपयोग करून घेतात. तेव्हा पुढच्या वेळी त्यांच्या डाव्या बाजूला बसा, तोंड त्यांना दिसू दे, डावा हात हातात घ्या आणि ओळ म्हणून शेवटचा शब्द मोकळा सोडा. थांबा. घाई करू नका, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त थांबा. आला शब्द तर आला. नाही आला तर तुम्ही म्हणा आणि पुढं चला, परीक्षा घेतल्यासारखं करायचं नाही. आणि घरच्यांना सांगा थेरपिस्टला नक्की दाखवा, लकव्यानंतरचे पहिले महिने फार मोलाचे असतात.

ज्यांना विसरण्याचा आजार आहे त्यांचं पण तसंच. पोटच्या पोराचं नाव विसरलेले एक मास्तर होते, चिडायचे, हात उगारायचे, आंघोळीला तर कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. त्यांची मुलगी आंघोळ घालताना नाताळचं गीत म्हणायची, मे महिन्यात पण, आणि ते लहान पोरासारखे शांत बसून पाठ चोळून घ्यायचे. चारी कडवी. तेवढ्यापुरता त्यांचा चेहराच बदलायचा.

बाकी बारीकसारीक. ऑक्सिजन लागलेल्या माणसाला 'तुम्ही पण म्हणा' असा आग्रह करू नये, तो म्हणायला जातो आणि दम लागतो. खोलीत दोघंच जा, बाकीचे बाहेरच्या खोलीत बसा. सेंट, गजरे नकोत, उलटीची भावना होते. आयसीयूत गाऊ देत नाहीत, तिथं सिस्टरला विचारून कानाशी हळू म्हणा किंवा घरातल्याच माणसाच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून द्या, यूट्यूबवरचं नको, ओळखीचा आवाज पाहिजे. बेशुद्ध माणसापाशी पण म्हणा. ऐकू येत असावं असं धरूनच आम्हाला वागायला शिकवलं होतं.

हॉस्टेल_धारवाड

मी जरा वेगळं लिहितो, ज्येष्ठांनी राग मानू नये. सगळे जुन्या गीतांचंच सांगतायत, पण आजारी माणसं तरुण पण असतात. माझी बहीण कॉलेजात असताना ब्लड कॅन्सरनं गेली. तिला अभंग वगैरे फारसे माहीत नव्हते, ती यूथमधली, तिला नवीन आराधनेची गाणी पाहिजे असायची, मी तिच्याशेजारी बसून एक इअरफोन तिच्या कानात आणि एक माझ्या कानात असं ऐकायचो. आई म्हणायची ही कसली गाणी, एकच ओळ दहादा. पण केमोनंतर दहा वेगवेगळ्या ओळी डोक्यात राहतच नाहीत हो, एकच ओळ परत परत आली की ती धरून पडून राहता येतं. तिनंच मला हे सांगितलं होतं.

आणि ती गेल्यावर मला स्वतःला आधार दिला तो मात्र एका जुन्या गीतानं, 'इट इज वेल विथ माय सोल'. होराशियो स्पॅफर्ड शिकागोचा वकील. 1873 मध्ये बायको आणि चार मुली जहाजानं युरोपला निघालेल्या, 'व्हिल द्यू हाव्र' जहाज अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं, चारी मुली गेल्या, बायकोची तार आली, 'एकटीच वाचले'. तो बायकोला आणायला निघाला आणि त्या दुःखात हे गीत लिहिलं. चाल ब्लिसनं दिली आणि चालीला नाव त्या जहाजाचंच ठेवलं. मला हे कळल्यावर वाटलं, हा माणूस मला 'रडू नको, देवाची इच्छा' असं सांगणारा नाही. आमच्याकडं भेटायला येणारे बरेच जण तेच म्हणायचे आणि मला उठून बाहेर जावंसं वाटायचं. हा माणूस समुद्राच्या मधोमध उभा राहून बोलतोय. ते मी रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर म्हणायचो, आवाज फुटायचा, तरी म्हणायचो.

तर क्वायरवाली ताई, घरात तरुण पेशंट असेल तर गिटार बिनधास्त न्या, आणि त्याच्या वयाचं कुणीतरी बरोबर न्या. आणि सुनेला कन्नड येतं म्हणालात ना, तर एक कन्नड गीत तिच्यासाठी म्हणा. आजाऱ्याचं सगळं तीच करते, तिला कोण विचारतं? बेळगावात 1820 ला लंडन मिशनवाले आले, तेव्हापासून मराठी-कन्नड दोन्ही आपल्या एकाच छपराखाली आहे, लाजायचं काही कारण नाही.

क्वायरवाली_टिळकवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार, देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. हॉस्टेल भाऊ, तुमच्या बहिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं, आमच्या रविवारच्या प्रार्थनेत तुमच्या घराचं नाव घेऊ.

काल परत शहापूरला जाऊन आले, पाळकीणबाई आणि मी दोघीच. सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसं डाव्या बाजूला बसले, हात हातात घेतला, तेच टिळकांचं गीत, शेवटचा शब्द सोडला. पहिल्या कडव्याला काही नाही. दुसऱ्याला ओठ हलले. तिसऱ्याच्या शेवटी 'प्रभू' एवढं आलं, घोगरं, अर्धवट, पण आलं. सून भांडं हातात घेऊन दारातच उभी राहिली. परत म्हणून घ्यायचा प्रयत्न केला तर नाही आलं, मग नुसतं गात राहिलो. थेरपिस्टची चिठ्ठी घेऊन मुलगा या आठवड्यात जाणार आहे. सुनेसाठी कन्नड गीत पण म्हटलं, मोडकंतोडकं, तिनंच आमचे उच्चार दुरुस्त केले आणि पुढचं कडवं स्वतः म्हटलं.

स्तोत्र 23 वाचलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही'. ते वाचताना पण शब्द सोडले तर चालेल का सिस्टर? का फक्त गाताना?

आणि मावशी, एक विचारायचं राहिलं. आमच्या क्वायरची पट्टी उंच आहे, काळी चारला म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना आवाज पोचत नाही. तुम्ही कुठल्या पट्टीत म्हणायचा?

रिटायर्ड_सिस्टर_मिरज

वाचताना पण चालेल, पण चालीवर म्हटलंत तर जास्त शक्यता. स्तोत्र गाऊनच म्हणा, नाहीतर जपासारखं तालात. 'प्रभू' आलं हे वाचून दोनदा देवाचे आभार मानले.

निपाणीची_मावशी

पट्टी वगैरे आम्हाला कुठली माहीत बाळा. आजाऱ्यालाच आधी 'हं' करायला लाव, त्याचा हुंकार ज्या सुरात येईल तिथनं तू सुरू कर. क्वायरपेक्षा बराच खाली येशील, येऊ दे. शहापूरच्या आजींना माझा सलाम सांग, आणि त्यांचं माहेर कुठलं तेवढं विचारून कळव, आवाज गेलेला असला तरी सुनेला माहीत असेल. माहेर निपाणी-कोल्हापूरकडचं असेल तर तिकडच्या चालीत फरक आहे, मी म्हणून रेकॉर्ड करून पाठवते.